क्रेगडूचा दिवाणखाना

लग्नाच्या दिवशी जेवणघराच्या छताकडे बघायचंच नाही, असं नेटा लामाँटनं सकाळी उठल्या उठल्या ठरवलं, आणि त्यानंतर तिनं दुसरं काही केलं नाही. हॅमचे काप पाडताना, ताटल्या पुसताना, केकवरचं फडकं सारखं करताना तिची मान आपोआप वर जात होती. छताच्या कडेनं गिलाव्यात द्राक्षवेल काढलेली होती, आणि खिडकीच्या बाजूला दोन घोसांच्या मधून एक चीर खाली उतरली होती. केसाएवढी. काल होती तेवढीच आज आहे, असं ती स्वतःला बजावत होती.

त्या छताच्या वर दिवाणखाना होता. दुपारी त्या दिवाणखान्यात तिच्या भाचीचं, आयल्साचं, लग्न लागणार होतं.

क्रेगडू हा बंगला बांधला तो ग्लासगोच्या एका साखरवाल्यानं. साखर विकून गब्बर झालेल्या ह्या माणसाला आपण कुणी जुने सरदार आहोत असं वाटायचं, म्हणून त्यानं बंगल्याच्या एका कोपऱ्यावर गोल मनोरा चढवला, मनोऱ्यावर दगडी पाट्यांची निमुळती टोपी घातली, आणि छपराच्या दोन्ही टोकांच्या भिंती पायऱ्या-पायऱ्यांनी वर नेल्या. शत्रू येणार होता तो कोण, तर पाहुण्यांची शनिवारची बोट! पण समुद्राचं वेड मात्र त्याचं खरं होतं. पाणी नीट दिसावं म्हणून त्यानं दिवाणखाना वरच्या मजल्यावर नेला, समुद्राकडची भिंत अर्धगोल बाहेर काढली आणि तिच्यात बाकदार काचांच्या उंच खिडक्या बसवल्या. त्या गोलात उभं राहिलं की घर संपायचं आणि पाणी सुरू व्हायचं. एवढ्या मोठ्या खोलीखाली एक खांब नाही. समुद्राकडच्या भिंतीत डोकं खुपसलेल्या लांबच लांब तुळया थेट मधल्या जाड भिंतीवर येऊन टेकायच्या, आणि सगळा भार त्यांच्यावर.

गवंडी शहाणा होता. तुळयांची डोकी भिंतीत कोंडली तर कुजतील हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं बाहेरून दगडात तळहाताएवढ्या लोखंडी जाळ्या सोडल्या होत्या. भिंत पावसानं भिजेल, पण वारा आत खेळेल आणि लाकूड सुकेल, असा हिशेब. पण ह्या जाळ्यांचं आणि आमच्या लोकांचं कधी पटलं नाही. आमच्याकडे घरात शिरणारा वारा म्हणजे चोर. कोळसा जाळायचा जिवावर येणार, आणि त्या जाळ्या रात्रंदिवस गार फुंकर घालणार. मग काय, अख्ख्या किनाऱ्यावर जुने मोजे आणि वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले नाहीत असा बंगला शोधून सापडायचा नाही.

क्रेगडूच्या जाळ्या नेटानं बुजवल्या. तेव्हा तिची शाळा नुकती संपली होती आणि आई संधिवातानं अंथरुणाला खिळली होती. "नेटा, कुठून येतंय गं हे गार?" आई दिवसभर कण्हायची. नेटा शिडी लावून चढली आणि एकेक जाळी फाटक्या मोज्यांनी गच्च भरून आली. आई म्हणाली, "आता बरं वाटतंय." पुढच्या वर्षी भाऊ हेक्टर सिमेंटचं घमेलं घेऊन चढला आणि त्यानं वरून झकास लिंपण केलं. दोघांना वाटलं, घराचं भलं केलं.

हे घर लामाँटांचं झालं ते उशिरा. नेटाचे आईवडील साखरवाल्याच्या नातवंडांकडे राखणदार होते. नातवंडांना बंगला झेपेना, तेव्हा तो मातीमोलानं राखणदारांच्याच गळ्यात पडला. पण मालक झाले म्हणून कुणी दिवाणखान्यात बसलं नाही. उन्हाळा आला की पुढचं सगळं घर ग्लासगोच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं आणि आपण अंगणापलीकडच्या कपडे धुण्याच्या खोलीत मुक्काम हलवायचा, ही आमच्या किनाऱ्याची रीतच होती. नेटाचे सगळे उन्हाळे साबणाच्या वासात गेले. कोळशाची बादली घेऊन वर जाताना दिवाणखान्याच्या दारातून तिला पाहुणे नाचताना दिसायचे. बादली ठेवायची, खाली यायचं. पुढे पाहुणे स्पेनला जायला लागले, खोल्या रिकाम्या पडल्या, तरी ती त्या खोलीत जायची ती फडकं घेऊनच.

बोटीवरचा एक खलाशी दोन उन्हाळे तिच्या मागे होता. भला माणूस. लग्न करून ग्रीनॉकला राहू म्हणाला. नेटा म्हणाली, "मग इथल्या खिडक्या कोण पुसणार?" त्याला वाटलं थट्टा करतेय, म्हणून तो मोठ्यानं हसला. तिसऱ्या उन्हाळ्यात तो आला नाही.

हेक्टर बोटीवर कामाला होता, तिथेच वारला, त्याची बायको कॅनडात निघून गेली, आणि सहा वर्षांची आयल्सा नेटाच्या पदरी आली. नेटानं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, हे गावात कुणीही सांगेल. फक्त खिडक्यांच्या काचांना बोट लावलं की फटका बसायचा. आता आयल्सानं ग्रेगर बुकॅन नावाचा मुलगा पसंत केला होता. ग्रेगर ज्या गोदीत कामाला होता ती बंद पडली होती, आणि लग्नानंतर दोघांनी क्रेगडूमध्येच पाहुण्यांसाठी खानावळ आणि खोल्या चालवायच्या असं ठरलं होतं. ग्रेगरनं विचारलं होतं, "घर भक्कम आहे ना हो, आत्याबाई?" आणि नेटानं छाती पुढे काढून सांगितलं होतं, "तुझी नातवंडं नांदतील इथे."

हे झालं सप्टेंबरात. ऑक्टोबरात जेवणघराचं दार अडकायला लागलं. रंधा मारायला लॅकी मॅकफेल आला. आमच्या गावचा सुतार, नेटाच्या वर्गातला. त्यानं दार काढायच्या आधीच नाक वर केलं.

"नेटा, अळंबी शिजवतेस का काय?"

"कुठली अळंबी? रविवारचं सूप असेल."

"सूप नाही हे." लॅकी छताखाली जाऊन उभा राहिला. "कूज आहे. हे छत फोडून तुळयांची डोकी बघायला पाहिजेत."

"लग्न होऊ दे. मग काय फोडायचं ते फोड. माझं डोकं फोड."

"तुझं फोडून काही निघायचं नाही," लॅकी म्हणाला, आणि मग हसायचा थांबला. "हे बघ, वर फार माणसं जाऊ देऊ नकोस. आणि नाच तर अजिबात नाही."

"नाच गावच्या हॉलमध्ये आहे रे बाबा. वर नुसतं लग्न लागायचंय, पाद्री येणार, दोन शब्द बोलणार, संपलं."

लॅकी गेल्यावर नेटानं नाद सोडला असता तर बरं झालं असतं, निदान तिला पुढे खोटं तरी बोलावं लागलं नसतं. पण नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिनं दिवाणखान्यात जाऊन गोल खिडकीच्या बाजूची, झडपा दुमडून ठेवायच्या खणाची फळी सुरीनं उचकटली. आत कापूस पिंजून भरल्यासारखी पांढरी बुरशी होती, आणि तिच्यावर विटकरी धूळ. तिनं सुरी जमिनीलगतच्या लाकडात टेकवली. सुरी केकमध्ये जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. ती बराच वेळ तशीच गुडघ्यांवर बसली. मग तिनं धूळ व्हिनेगरनं पुसली, फळी ठोकून बसवली आणि वरून पांढरा रंग दिला. कुणाला सांगितलं असतं तर लग्न लांबलं असतं, ग्रेगरनं पाय मागे घेतला असता, नगरपालिकेनं कुलूप लावलं असतं. क्रेगडूवाचून नेटा लामाँट म्हणजे कोण, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मार्चच्या त्या दुपारी तिनं पाहुण्यांना जागा स्वतः दाखवल्या. "इकडे शेकोटीपाशी बसा, इकडे ऊब आहे," म्हणत सगळी वऱ्हाडी मंडळी तिनं आतल्या भिंतीला नेऊन चिकटवली. ग्रेगरच्या आईनं, बुकॅनबाईंनी, नाक मुरडलं. "एवढी सुंदर खिडकी, आणि आम्ही काय कोपऱ्यात बसायचं, नेटाबाई?" खिडकीच्या गोलात तिघंच उभे राहिले, आयल्सा, ग्रेगर आणि पाद्री टॉरन्स. टॉरन्ससाहेबांचं पोट नेटाला त्या दिवशी एकदम नव्यानं दिसलं. ते एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचे आणि फळी करकरायची. आयल्साच्या झग्याचा घोळ पसरून ठेवायला नेटा स्वतः पुढे गेली, आणि पायाखालची जमीन किंचित लवते आहे हे तिच्या तळपायांना कळलं. तिनं घोळ नीट केला आणि परत येऊन उभी राहिली. वचनं झाली, अंगठ्या झाल्या. "आता तुम्ही पतिपत्नी," असं टॉरन्ससाहेब म्हणाले तेव्हा नेटाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लोकांना वाटलं, मायेचं माणूस.

आता फक्त सगळ्यांनी हॉलकडे निघायचं बाकी होतं. हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला, किनाऱ्याच्या रस्त्यानं. लॅकी तिथे बाकं लावून, वाजवणाऱ्यांना घेऊन कधीचा वाट बघत होता. पण नैर्ऋत्येचा वारा सकाळपासून चढत होता आणि त्यात भरती. ग्रेगर मोटारी काढायला म्हणून बाहेर गेला आणि ओलाचिंब होऊन परत आला.

"रस्ता गेला! लाटा थेट भिंतीवरून पलीकडे चालल्यात. ओहोटी लागेपर्यंत काही खरं नाही."

मग बुकॅनबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? ही एवढी मोठी खोली मोकळी पडलीय की! टॅमभाऊजी, पेटी आणलीय ना गळ्यातली?"

ग्रेगरचा काका टॅम अकॉर्डियन घेतल्याशिवाय दाढीलाही जात नसे. त्यानं पट्टे गळ्यात घातले सुद्धा.

"गालिचा आहे," नेटा घाईनं म्हणाली. "जुना आहे. पायांनी फाटेल."

"गुंडाळू की."

"खाली मेण लावलंय. घसराल. कुणाचा पाय मोडला म्हणजे?"

"नेटाबाई, लग्न आहे का मयत?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले.

आयल्सा तिच्याजवळ आली. गाल लाल झाले होते पोरीचे. "आत्या, लहानपणापासून ह्या खोलीत मी चवड्यांवर चाललेय. आज एक दिवस पाय आपटू दे ना गं."

तेव्हाच सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ग्रेगर गालिच्याचं एक टोक धरून तिच्याकडे बघत हसत होता, आणि नेटा म्हणाली, "मी चहाचं बघते." ती खाली गेली. ह्याला भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही, आणि मी ते द्यायला कचरणारही नाही.

जेवणघरात तिनं किटली उचलली आणि वर गडगडल्यासारखं झालं. नाचायला जागा व्हावी म्हणून ते पियानो ढकलत होते. गडगड खोलीच्या मधून निघाली, खिडकीकडे सरकली आणि बरोबर तिच्या डोक्यावर, गोलात जाऊन थांबली. नेटाच्या हातून किटलीचं झाकण पडलं. मग अकॉर्डियन सुरू झालं, आणि पावलं. आमचा रील नाच ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, तीस-चाळीस माणसं ठेक्यावर एकदम उतरतात. ताटल्या किणकिणायला लागल्या. दिव्याचं झुंबर डुलायला लागलं. दोन घोसांमधली चीर नेटाच्या डोळ्यांदेखत रुंद झाली, वेलीच्या कडेकडेनं पुढे पळाली, आणि लग्नाच्या केकवर गिलाव्याची पूड भुरभुर पडली. गिलाव्याचं एक द्राक्ष टेबलावर आपटून घरंगळत गेलं.

नेटा जिना कशी चढली ते तिला कधी आठवलं नाही. दारातून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "थांबा!" नाचताना आमचे लोक आरोळ्या ठोकतातच. चार-पाच जणांनी तिला तश्शीच आरोळी ठोकून उत्तर दिलं आणि ठेका आणखी वाढला. टॅमकाका खिडकीतल्या बाकावर, पियानोला पाठ लावून, डोळे मिटून वाजवत होता. सगळ्यांनी हात धरून खोलीभर मोठं कडं केलं होतं. कडं फिरत फिरत खिडकीकडे गेलं की त्या बाजूची माणसं जराशी खाली जायची आणि पुन्हा वर यायची. कुणाच्याच ते लक्षात येत नव्हतं.

दिवे बंद करावेत? टॅमच्या हातातून पेटी हिसकावावी? जमीन खचतेय असं ओरडावं? पण ओरडली आणि त्यांनी ऐकलं, तर सगळेच्या सगळे एकदम दाराकडे धावणार, आणि त्या एका धक्क्यानं उरलंसुरलं लाकूड जाणार. कडं फिरत दारासमोर आलं, त्यात आयल्सा होती. नेटानं झेप घेतली, आयल्साचा हात तिच्या शेजाऱ्याच्या हातातून सोडवला, आयल्साचा मोकळा हात स्वतःच्या हातात घट्ट धरला आणि नाचायला लागली.

"आत्या नाचतेय! अरे, नेटाआत्या नाचतेय!"

टाळ्या पडल्या. साठीची नेटा, एप्रन बांधलेली, पायात घरातल्या सपाता. तिला पावलं येत होती. दारातून बघून बघून पाठ झालेली. कड्याची साखळी झाली होती आणि साखळीचं टोक तिच्या हातात होतं. तिनं ती आतल्या भिंतीच्या कडेकडेनं ओढली आणि दाराबाहेर काढली. पुढे जिना. क्रेगडूचा जिना दगडी, प्रत्येक पायरी मधल्या भिंतीत रोवलेली आणि खालच्या पायरीवर टेकलेली, वर काचेचा घुमट. साखरवाल्याचं ते एक काम अजून शाबूत होतं. नेटा नाचत उतरत होती, तोंडानं हसत होती आणि मनात एकच घोकत होती, सुटू नका, हात सुटू नका.

"कुठे नेतेस गं?" आयल्सा हसून हसून बेजार झाली होती.

"बाहेर!"

"पावसात?"

"पावसात!"

समोरचं दार उघडून ती वाऱ्यात घुसली. साखळी मागून ओघळत आली. बुकॅनबाईंची टोपी उडाली, बायका किंचाळल्या, टॉरन्ससाहेब धापा टाकत बाहेर आले. सगळे ओलेचिंब, सगळे हसताहेत. नेटा डोकी न्याहाळत होती. वरून मात्र अकॉर्डियन अजून ऐकू येत होतं.

टॅम. गोलातला टॅम.

ती दाराकडे वळली. आयल्सानं तिचा हात सोडला नाही. "आता नाही हं, आत्या! आता पळायचं नाही!"

"सोड मला. आयल्सा, सोड!"

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की आयल्साचं हसू मावळलं. तेवढ्यात संगीत जवळ आलं, जिन्यावरून उतरलं, आणि टॅमकाका डोळे अर्धे मिटून, वाजवत वाजवत, दारात अवतरला. "मला एकट्याला टाकून चाललात होय रे, हरामखोरांनो?" तो म्हणाला आणि पायरी उतरून पावसात आला.

मग तो आवाज झाला. आधी लाकडाचा, लांबलेला. त्यामागून पियानोच्या सगळ्या तारा एकदम ओरडल्या, आणि वरच्या गोल खिडकीच्या बाकदार काचा बाहेर निखळून बागेत फुटल्या. उघड्या दारातून पांढरी धूळ बाहेर आली. वर खिडकीच्या जागी भोक होतं आणि त्यातून एक पडदा फडफडत होता.

मग एकाच वेळी सगळे बोलायला लागले. बुकॅनबाई नेटाच्या गळ्यात पडून रडल्या. "बाई, तुम्ही देवासारख्या धावलात हो. कसं सुचलं तुम्हाला?" ग्रेगरनं तिचे दोन्ही हात धरले. टॅमकाका गवतावर बसून राहिला. टॉरन्ससाहेबांनी टेकडीवरच्या आपल्या घराकडे सगळ्यांना हाकललं. "चला, चला, माझ्याकडे विस्तव आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या बायकोनं आपल्या गालिच्यांचा विचार करून डोळे मिटले. मंडळी चढण चढायला लागली.

आयल्सा मागे राहिली. ग्रेगरचा कोट तिच्या खांद्यांवर होता. ती वर, खिडकीच्या जागेकडे बघत होती.

"आत्या, तुला कधी कळलं?"

आत्ताच, केकवर पूड पडली तेव्हा, असं म्हणता आलं असतं. गावानं विश्वास ठेवला असता, लॅकीनंसुद्धा तोंड मिटलं असतं.

"नोव्हेंबरात," नेटा म्हणाली.

आयल्सानं वरच्या भोकाकडे बोट केलं. "दुपारी मी तिथे उभी होते. ग्रेगर उभा होता."

"हो."

"माझा घोळ तू सारखा केलास. स्वतः येऊन."

"हो."

"तुला हे घर माझ्याहून प्यारं होतं."

नेटाच्या सपाता चिखलात रुतल्या होत्या. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, पुसायला तिनं हात उचलला नाही.

"आज दुपारपर्यंत, हो," ती म्हणाली.

आयल्सानं तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग वळली आणि झग्याचा घोळ मुठीत धरून चढणीला लागली. थोडं वर गेल्यावर ती थांबली. मागे वळून बघितलं नाही, हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. मागून नेटाची पावलं जवळ येईपर्यंत ती तशीच पाठमोरी उभी राहिली, आणि मग पुढे चालू लागली.